सात तारांचा पीळ

देवीदास सोमकुवरला मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. पांढुर्ण्याला आमच्या शाळेत हेडमास्तरांच्या खोलीत फोन बसवायला टेलिफोन खात्याचा माणूस आला होता. मी शिक्षकांच्या खोलीत वह्या तपासत बसले होते आणि दारातून मला फक्त एक खाकी पाठ दिसत होती, भिंतीच्या कडेकडेनं हळूहळू सरकणारी. फोन लागला, हेडमास्तरांनी उगाच दोनदा "हॅलो" म्हणून पाहिलं, चपराशानं चहा आणला, तरी ती पाठ काही जागची उठेना. फोनची तार तर केव्हाच ठोकून झाली होती. आता तो माणूस आमच्या विजेच्या घंटेची तार नीट करत होता. ती तार कित्येक वर्षं खिडकीच्या गजातून लोंबत होती आणि मुली तिच्यावर रुमाल वाळत घालत. हेडमास्तर म्हणाले, अहो, ती तुमच्या खात्याची नाही, राहू द्या. त्यानं मान न वळवताच उत्तर दिलं, "डोळ्याले टोचून राहिली न सर."

जाताना त्यानं फरशीवर पडलेले तांब्याचे बारीक तुकडे बोटानं टिपून खिशात टाकले. चहा थंड झाला होता. तो त्यानं तसाच प्याला.

पुढच्या वर्षी मी स्टेशनच्या बाजूला भाड्यानं खोली घेतली, तेव्हा कळलं की हा माणूस माझ्या समोरच्याच घरात राहतो. घरात त्याची बायको पुष्पा, आमच्याच शाळेत सहावीत शिकणारी मुलगी जयश्री, आणि वडील दादाराव. दादारावांनी सगळं आयुष्य जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलल्या होत्या. माणूस चांगलाच थोराड, पण अर्धांगानं उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. पुढच्या खोलीत खिडकीशी त्यांची खाट होती. देवीदास सकाळी ड्युटीवर जायच्या आधी त्यांना आंघोळ घाली, आणि दुपारी सायकलनं मुद्दाम घरी येऊन त्यांची कूस बदले. त्याची एक रीत होती. वडिलांचा डावा हात स्वतःच्या गळ्यात घ्यायचा, त्यांची हनुवटी आपल्या खांद्यावर टेकवायची आणि हळूच उठायचं. रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटावं, दोघं भाऊ पुष्कळ दिवसांनी भेटले आहेत. पुष्पा अंगानं बारकी. तिनं एकदा एकटीनं उचलायचा प्रयत्न केला होता, तेव्हा दोघंही खाली आले. त्यानंतर दादाराव तिला अंगाला हात लावू देत नसत, डाव्या हातानं खाटेची पट्टी घट्ट धरून ठेवत. मोठा भाऊ दिलीप नागपूरला होता. तो सणावाराला येई आणि तब्येतीची चौकशी करून संध्याकाळच्या पॅसेंजरनं परत जाई.

त्या काळात पांढुर्ण्याचं एक्स्चेंज हातानं चालणारं होतं. फोन उचलला की ऑपरेटर विचारायचा, कोण पाहिजे. हा ऑपरेटर म्हणजे प्रभाकर. गावातल्या कोणाचं कोणाशी किती वेळ बोलणं चालतं ते त्याला ठाऊक असे, आणि ते तो कोणाला सांगत नसे, पण ठाऊक आहे हे मात्र सांगे. देवीदास मेकॅनिक. खांबावरचं काम त्याचं आणि आत लोखंडी चौकटीवर गावभरातून येणाऱ्या तारा जोडण्याचं कामही त्याचंच. त्या चौकटीच्या मागं हजारो तारा होत्या, आणि त्या मेणाच्या दोऱ्यानं बोटाबोटावर गाठ घालून अशा बांधलेल्या की वेण्या घालणाऱ्या बायकांनी बघाव्यात. मी एकदा फोनची तक्रार घेऊन गेले तेव्हा त्यानं मला ती मागची बाजू अगदी हौसेनं दाखवली. खात्यातले अधिकारी तपासणीला आले की पुढं काय चाललं आहे ते नंतर पाहतात, आधी मागं जाऊन बांधणी पाहतात, असं त्यानं सांगितलं. बांधणी चांगली तर माणूस चांगला. हे तो इतक्या सहज म्हणाला की मला वाटलं, त्याच्या लेखी जगात सगळीकडेच असं असणार.

घरी तो टीव्ही दुरुस्त करायचा. तेव्हा संत्र्याच्या आणि कापसाच्या व्यापाऱ्यांकडे नुकतेच टीव्ही आले होते आणि ते वरचेवर बिघडत. सामान आणायला तो नागपूरला सीताबर्डीवर अरविंद नावाच्या एका दुकानदाराकडे जाई. त्या दुकानात कॉम्प्युटरचे सुटे भाग येऊ लागले आणि देवीदासचं चित्त तिथं अडकलं. अरविंदची बिघडलेली कामं हा दुरुस्त करून द्यायचा आणि बदल्यात एखादं जुनं सर्किट, एखादा की-बोर्ड, कोणाच्या ऑफिसातून निघालेला पंखा घेऊन यायचा. असं करत करत दीड-दोन वर्षांत त्याच्या पुढच्या खोलीत, दादारावांच्या खाटेसमोर, एक कॉम्प्युटर उभा राहिला. १९८८ साल असेल. आमच्या गल्लीत तोवर कोणी कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिला नव्हता.

पाहिला तो असा. पडदा म्हणजे एक छोटा काळा-पांढरा टीव्ही. आणि बाकी सगळं एका पत्र्याच्या पेटीत. ही पेटी पुष्पाच्या लग्नातली, वर राघू काढलेले. झाकण उघडलं की आत नुसत्या तारा. पुष्पा मला म्हणायची, "बाई, माह्या पेटीत यानं साप पाळले. आता लुगडी कुठं ठेवू सांगा."

पेटीच्या एका अंगाला दोन ड्राइव्ह बसवले होते. ड्राइव्ह म्हणजे पुढं आडवी चीर असलेला डबा. त्या चिरेत पातळ चौकोनी डिस्क सरकवायची आणि खिट्टी लावायची. पहिल्या ड्राइव्हमधल्या डिस्कवरून मशीन जागं व्हायचं, दुसऱ्यात आपलं काम ठेवायचं. दोन्ही ड्राइव्हना मिळून एकच केबल होती, राखाडी, रिबिनीसारखी चपटी, एका कडेनं लाल. देवीदासजवळ इंग्रजीतलं एक पातळ पुस्तक होतं. संध्याकाळी ते घेऊन तो माझ्याकडे यायचा, मी वाचून अर्थ सांगायची, तो डोळे मिटून ऐकायचा. ड्राइव्हबद्दल त्यात एवढंच होतं की केबलचं टोक पहिल्या ड्राइव्हला लावा, मधला जोड दुसऱ्याला, आणि लाल कड एक नंबरच्या बाजूला ठेवा. त्यानं तसं केलं होतं आणि मशीन चालत होतं. ते सुरू होताना पहिल्या ड्राइव्हचा दिवा लागून जी घरघर होई तिच्यावर दादारावांचाही जीव होता. घरघर झाली की ते डावा हात उचलून बोट दाखवत.

देवीदासनं मशीनवर एक छोटासा प्रोग्रॅम बसवला होता. गावातला कोणताही फोन नंबर टाकला की त्याची तार कुठल्या खांबावरून येते, कुठं जोड आहे, मागं केव्हा बिघडली होती, ते पडद्यावर यायचं. प्रभाकर मुद्दाम बघायला आला, स्वतःच्या सासऱ्याचा नंबर टाकला, आणि सासऱ्याचा फोन वर्षातून किती वेळा बंद असतो ते वाचून म्हणाला की यातलं अर्धं पाप माझं आहे.

हे सगळं हौसेचं होतं तोवर ठीक होतं. पण त्याच वर्षी बातमी आली की पांढुर्ण्याला इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज येणार. मग हातानं चालणारं बंद. माणसं गरजेपेक्षा जास्त होणार, त्यांना जिथं जागा असेल तिथं पाठवणार. नवीन एक्स्चेंज सांभाळायला एकच मेकॅनिक लागेल आणि त्याला आधी ट्रेनिंगला पाठवतील. एका बाजूला देवीदास होता, दुसऱ्या बाजूला सौसरचा आयटीआय झालेला एक तरुण पोरगा. नोकरीची वर्षं देवीदासची जास्त, पण कागद त्या पोराचे चांगले. छिंदवाड्याचे अधिकारी ज्याचं नाव लिहून देतील तो राहणार. दुसऱ्याची बदली.

दादारावांना हलवायचं नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पाठीला जखमा होत्या, रेल्वेचा प्रवास सोसणार नाही. म्हणजे बदली झाली तर देवीदास एका गावी आणि वडील दुसऱ्या. त्यांना उचलणार कोण, हा साधा प्रश्न होता. पुष्पा त्या दिवसांत रोज अंगण सारवायची.

अशात अधिकाऱ्यांच्या कानावर कॉम्प्युटरची गोष्ट गेली. बहुधा प्रभाकरनंच घातली. त्यांनी फोनवर देवीदासला सांगितलं की पुढच्या तपासणीला येईन तेव्हा तुझ्या घरी येऊन मशीन पाहीन, जे पाहीन ते लिहीन. देवीदास फोन ठेवून थेट माझ्या वर्गाच्या दाराशी आला. खडू मागायला आल्यासारखा उभा राहिला आणि मग हसला.

तपासणीच्या आदल्या रविवारी प्रभाकर सकाळीच आला होता. पेटीत डोकावून तो म्हणाला, "देवीदास, मशीन तं चालते तुही. पण साहेब झाकण उघडतीन अन् म्हणतीन, कोनाच्या घरच्या शेवया सांडल्या इथं."

हे त्यानं गमतीनं म्हटलं होतं. पण देवीदासचा चेहरा उतरला. आपल्या एक्स्चेंजची मागची बाजू गावात कोणी पाहत नाही तरी दोऱ्यानं बांधलेली, आणि आपल्याच घरात, ज्याच्यावर सगळं अवलंबून आहे ती पेटी अशी, हे त्याला एकदम दिसलं असावं. अधिकारी आधी मागची बाजू पाहतात हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं?

त्यानं पेटी ओट्यावर उन्हात आणली, चटई टाकली आणि एकेक तार सोडवली. मीही माझ्या दारात भाजी निवडत बसले होते. वीज नेणाऱ्या तारा एकीकडे, पंख्याच्या एकीकडे, सगळ्या मापानं कापल्या, पुन्हा जोडल्या, मेणाच्या दोऱ्यानं बोटाबोटावर गाठ घालत बांधल्या. जिथून एखादी तार वळायची तिथं तो दुहेरी गाठ घाली. चपटी केबल त्यानं वहीच्या पानासारखी काटकोनात दुमडली. दुमडता दुमडता थांबला आणि मला हाक मारली.

"बाई, हे पाहा न. सात तारा उलट्या गेल्या इथं."

मी जाऊन पाहिलं. चपट्या रिबिनीत शेवटच्या टोकाच्या थोडं आधी मधल्या सात तारा चिरून वेगळ्या काढलेल्या होत्या आणि त्या पट्टीला एक पीळ देऊन पुन्हा जोडल्या होत्या. म्हणजे या बाजूला जी तार वर, ती त्या बाजूला खाली. बाकीच्या सगळ्या सरळ. त्यानं मला समजावलं की त्याच्या कामात याला सगळ्यात मोठा दोष म्हणतात. एका टोकाला पहिली तार दुसऱ्या टोकाला सातवी झाली की डॉक्टरांचा फोन गुळाच्या दुकानात वाजतो. नवीन माणूस असं करतो आणि जुना माणूस त्याला ओरडतो. कारखान्यात कोणी डुलकीत केलं असेल आणि तरीही मशीन चालत होतं, हे नशीबच, असं तो म्हणाला. केबल अगदी नवीकोरी होती, दोष दाखवल्यावर मलाही तो दोषच वाटला.

त्यानं त्या सात तारा कापल्या आणि सरळ जोडल्या. केसांएवढ्या बारीक तारा, प्रत्येकीला डाग दिला, प्रत्येक जोडावर बारीक नळी चढवली, आणि जोड एकाखाली एक येऊ नयेत म्हणून पायरीपायरीनं ठेवले. मी शिवणकाम शिकवलं आहे काही वर्षं. इतका सफाईचा जोड मी कापडातही पाहिलेला नाही.

दुपारी पेटी तयार झाली. पुष्पाला बोलावून त्यानं झाकण उघडलं. ती म्हणाली, आता लुगडी ठेवायला जागा झाली. दादारावांना दिसावं म्हणून पेटी खाटेजवळ नेली. लाइन, म्हणजे वीज, गेलेली होती, म्हणून चालू करून पाहता आलं नाही.

लाइन संध्याकाळी आली. त्यानं बटण दाबलं. पंखा फिरला, टीव्ही उजळला, आणि घरघर झालीच नाही. पहिल्या ड्राइव्हचा दिवा लागला नाही, दुसऱ्याचाही नाही. थोड्या वेळानं पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. त्यानं मला बोलावलं. सिस्टिमची डिस्क घाला, असं ती सांगत होती. डिस्क आतच होती.

पुढचे दिवस मला नीट आठवतात, कारण त्या दिवसांत त्या घराकडून हसण्याचा आवाज आला नाही. ड्युटीवरून आला की तो पेटीशी बसे. डिस्क बदलून पाहिली. एक ड्राइव्ह काढून दुसरा लावला. पंख्याची तार काढली, पुन्हा लावली. स्वतः घातलेल्या गाठी ब्लेडनं कापल्या आणि मग सगळं परत बांधलं, कारण उघड्या तारा त्याला बघवत नव्हत्या. आणि केबल तर त्यानं सगळ्यात आधी तपासली होती. खात्यातला बझर आणला. केबलच्या या टोकाला पहिली तार धरायची, त्या टोकाला पहिली, बझर वाजला की जोड खरा. चौतीस तारांना चौतीस वेळा बझर वाजला. प्रत्येक तार जिथं निघाली तिथंच पोचत होती. केबल निर्दोष होती. जितक्या वेळा तो ती तपासे तितक्या वेळा ती निर्दोष ठरे, आणि मग तो पुन्हा ड्राइव्हकडे वळे.

नागपूरला जायला सुटी मिळेना, तपासणी तोंडावर होती. शेवटी त्यानं एक्स्चेंजमधून अरविंदला ट्रंक कॉल लावला. जोडून द्यायला प्रभाकर बसला होता, त्यामुळं हे बोलणं मला त्याच्याकडून कळलं. अरविंदच्या दुकानात गिऱ्हाईक होतं, तो घाईत होता. त्यानं विचारलं, दोन्ही ड्राइव्ह एकदम गप्प झाले तर आधी केबल बघ, केबल बरोबर आहे ना? देवीदास म्हणाला, एकदम बरोबर, एकेक तार बझरनं पाहिली. मग पुठ्ठ्यासारख्या ज्या हिरव्या पाटीला केबल लागते ती पाटीच गेली असेल, अरविंद म्हणाला, पुढच्या महिन्यात माल येईल तेव्हा बघू.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसले होते. पुष्पा दादारावांना भात भरवत होती. भरवता भरवता ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "पयले जसं होतं तसं करून पाहा न एकडाव. साप त साप."

देवीदास अगदी हळू आवाजात म्हणाला, "तारा खुल्या टाकू म्हणशील त टाकतो. पण जे चुकीचं होतं, ते आता मी जाणून चुकीचं करू का?"

त्यानं गाठी तेवढ्या पुन्हा कापल्या, तारा मोकळ्या सोडल्या. सात तारांना हात लावला नाही. तो दोष होता आणि दोष परत घालायचा असतो हे त्याच्या हातांना कोणी शिकवलं नव्हतं. मशीन तसंच राहिलं. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यानं सगळ्या गाठी तिसऱ्यांदा बांधल्या.

अधिकारी जीपनं आले. मध्यम वयाचे, शांत, हिंदी बोलणारे गृहस्थ. बरोबर प्रभाकर होता. देवीदासनं मलाही बोलावून ठेवलं होतं, इंग्रजीची गरज पडली तर म्हणून. त्यांनी आधी दादारावांना नमस्कार केला, चप्पल दाराशी काढली, आणि पेटीचं झाकण स्वतः उघडलं. उघडून ते पाहतच राहिले. दोऱ्यावरून बोट फिरवलं.

"ऐसी बँधाई तो अब कोई करता ही नहीं," ते म्हणाले.

मग म्हणाले, चलाओ. देवीदासनं त्यांना आधीच सांगायला हवं होतं, असं मला तेव्हा वाटलं. पण त्याला बहुतेक आशा होती. माणसानं पाहुण्यासाठी इतकं करून ठेवल्यावर मशीनही थोडं ऐकेल, अशी काहीशी. त्यानं बटण दाबलं. पंखा फिरला. आम्ही सगळे त्या दोन चिरांकडे पाहत होतो, दादारावसुद्धा. त्यांनी बोट दाखवायला हात अर्धा उचलून ठेवला होता आणि तो तसाच राहिला. पडद्यावर ओळ आली. अधिकाऱ्यांनी ती मोठ्यानं वाचली.

देवीदासनं बटण बंद करून पुन्हा दाबलं. पुन्हा तीच ओळ. अधिकाऱ्यांनी विचारलं की हे कधीपर्यंत ठीक होईल. खोटं सांगता आलं असतं. तो म्हणाला, मालूम नहीं सर. प्रभाकरनं मध्ये पडून सांगितलं की मी स्वतः चालताना पाहिलं आहे, माझ्या सासऱ्याचा नंबर टाकला होता. मीही सांगितलं. अधिकाऱ्यांनी आमचं दोघांचं नीट ऐकून घेतलं.

"आप लोग झूठ नहीं बोल रहे, मैं जानता हूँ," ते म्हणाले. "पर लिखूँगा तो वही जो मैंने देखा."

पुष्पानं चहा दिला. त्यांनी तो सावकाश प्याला, घाई असूनही. जाताना पुन्हा एकदा पेटीत पाहिलं आणि मान हलवली, कौतुकानं. मला त्या माणसाचा राग येईना, आणि ते जास्त कठीण होतं.

ट्रेनिंगला सौसरचा पोरगा गेला. देवीदासची बदली पार दूर, शहडोलच्या पुढं एका लहान गावी झाली. दिलीपला नागपूरहून बोलावलं. त्यानं एक दिवस राहून सांगितलं की त्याच्या दोन खोल्यांत खाट मावणार नाही, आणि हेही खोटं नव्हतं. संत्रा मंडीतला गजानन नावाचा हमाल सकाळ-संध्याकाळ येऊन दादारावांना उचलेल असं ठरलं. निघायच्या आधी देवीदासनं त्याला आपली रीत शिकवली. हात गळ्यात घ्यायचा, हनुवटी खांद्यावर. गजानन दांडगा होता, त्याला काहीच जड नव्हतं. त्यानं दादारावांना पेटी उचलावी तसं एका झटक्यात उचललं, आणि दादारावांनी डोळे मिटून घेतले. देवीदास म्हणाला, हळू, हळू. गजानन म्हणाला, हळूच तर आहे. त्यानं खरोखरच त्याच्या परीनं हळू केलं होतं.

त्या दिवसानंतर गजानन आला की दादाराव डोळे मिटून घेत आणि तो गेल्यावर उघडत.

सहा-सात महिन्यांनी देवीदास रजेवर आला तेव्हा येता येता नागपूरला उतरला. अरविंदच्या दुकानात ती केबल दाखवली. हे त्यानंच मला सांगितलं. अरविंदनं केबल हातात घेतली, जोडांवरून बोट फिरवलं आणि विचारलं की हे कोणी केलं. मग भिंतीवरच्या खिळ्याकडे हात केला. खिळ्याला नव्या केबलींचा झुपका टांगलेला होता. प्रत्येकीच्या टोकाशी तोच पीळ, त्याच सात तारा. दोन ड्राइव्ह एकसारखे असतात, अरविंद म्हणाला, पहिला कोणता आणि दुसरा कोणता हे मशीनला त्या पिळावरूनच कळतं. पीळ काढला तर दोघंही स्वतःला दुसरा समजतात, पहिल्याला हाक मारली की कोणीच ओ देत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून कोणी लिहीत नाही.

देवीदासनं नवी केबल आणली, लावली, बटण दाबलं. घरघर झाली. मी माझ्या दारातून ती ऐकली आणि गेले. दादारावांच्या पाठीच्या जखमा तोवर वाढल्या होत्या, त्यांना कुशीवरच ठेवलं होतं, तोंड भिंतीकडे. देवीदास त्यांना वळवून पेटी दाखवायला उठला, मग त्यांच्या पाठीकडे पाहून परत बसला.

"तू म्हटलं होतं," तो पुष्पाला म्हणाला.

पुष्पा म्हणाली, "जेवा आता."

दुसऱ्या दिवशी तो छिंदवाड्याला जाऊन आला. मशीन चालतं हे त्या अधिकाऱ्यांना निदान सांगावं, असं त्याला वाटत होतं. त्यांचीही बदली झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या माणसाला यातलं काही माहीत नव्हतं, आणि नवीन एक्स्चेंज तर सुरूही झालं होतं. रजा संपली, तो शहडोलच्या गाडीत बसला. मी आणि जयश्री स्टेशनवर गेलो होतो. गाडी सुटेपर्यंत तो जयश्रीला एकच गोष्ट सांगत होता, की आजोबांजवळ गजानन असला की तू तिथं उभी राहत जा.

दादाराव त्या हिवाळ्यात गेले. नव्या एक्स्चेंजमध्येही बाहेरगावचे कॉल अजून प्रभाकरच जोडून द्यायचा, तो सकाळपासून शहडोलला कॉल लावत होता. लागला तेव्हा पलीकडच्या ऑपरेटरनं सांगितलं की सोमकुवर लाइनवर गेले आहेत, खांबावर असतील. देवीदास पोचला तो सगळं आटोपल्यावर. खाट तोवर अंगणात काढून ठेवली होती. तो तिच्या पट्टीवर, डाव्या बाजूला, बराच वेळ हात ठेवून बसला होता.

त्यानंतर पांढुर्ण्याचं घर ठेवायला कारण उरलं नाही. पुष्पा आणि जयश्री त्याच्याकडे गेल्या, घर दुसऱ्याला दिलं. पेटी पुष्पानं बरोबर नेली, आतलं सामान देवीदासनं अरविंदला परत केलं होतं. पुढं त्याच्या बदल्या होत राहिल्या, मंडला, डिंडोरी, असं दूरदूर. दर वर्षी एक पोस्टकार्ड यायचं. पांढुर्ण्याला परत यायचा अर्ज त्यानं कधी केला का, हे मी एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, आता तिथं कोण आहे बाई.

पुष्पा चार वर्षांपूर्वी गेली. देवीदास आता सौसरला जयश्रीच्या घरी वरच्या खोलीत राहतो. एका कानानं कमी ऐकू येतं, गुडघे दुखतात, आणि सकाळचं दूध आणायला तोच जातो.